बाईची हळद

मार्च लागला की सांगलीत हवा पिवळी होते. परगावच्या माणसाला हे पटत नाही. चित्रकार बाई आहे, बोलायचीच असं, अशा नजरेनं तो बघतो. मग मी त्याला मार्केट यार्डावरून एक चक्कर मारून आणते आणि घरी आल्यावर रुमालानं तोंड पुसायला सांगते. रुमाल बघितला की पुढं वाद होत नाही. मिरचीची धूळ आल्याआल्या नाकाशी भांडण काढते. हळदीचं तसं नाही. ती काही न बोलता येते आणि नखांत, शिवणीत, वहीच्या पानांत बसून राहते. तीन धुण्यांनंतर कळतं की ती अजून गेलेली नाही.

यंदाही हंगाम आला. ट्रॉल्या आल्या, पोत्यांच्या थप्प्या लागल्या, आणि शिजवून वाळवलेल्या हळदीचा तो मातकट, जरासा कडू वास पहाटेपासून खिडकीशी येऊन बसायला लागला. या वासानं लोकांना लग्नघर आठवतं. मला एक कपाळ आठवतं आणि माझ्याच उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आठवतं. त्या बोटाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि या वयात आता करेन असंही वाटत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेऊन मी सांगलीत खोली घेतली होती, एका छापखान्याच्या वर. खाली यंत्र सुरू झालं की वर माझ्या टेबलावरच्या बाटल्यांतलं पाणी थरथरायचं. दारावर पाटी होती, ‘जाहिरात संकल्पना व चित्रे’. तिचा अर्थ लोकांना कळत नसे. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या कितीतरी जणांना मी परत पाठवलं आहे. मिळेल ते काम करायची. उदबत्तीचे पुडे, बेदाण्याचे खोके, तंबाखूच्या पुड्या, लग्नपत्रिकांवरचे गणपती. गणपती काढून काढून मला डोळे मिटून गणपती यायला लागला होता.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठजींची हळदीची गिरणी होती. गिरणीचं नाव लिहीत नाही. त्यांचं पाकीट अजून दुकानात मिळतं. तेव्हा ते साधं पांढरं होतं, त्यावर हिरवी अक्षरं आणि एक समई. शेठ माझ्या खोलीत आले, खुर्चीवरचे कागद स्वतःच उचलून खाली ठेवले आणि म्हणाले, “सगळ्यांच्याच पाकिटावर समई आहे हो. गिऱ्हाईक दुकानात जातं आणि ‘हळद द्या’ म्हणतं. माझी द्या असं म्हणत नाही.”

मी तेव्हा तोऱ्यात होते. कॉलेजात शिकलेलं सगळं मी त्यांना ऐकवलं. नाव वाचावं लागतं, चित्र वाचावं लागत नाही. अक्षर विसरतं, चेहरा विसरत नाही. शेठ म्हणाले, मग लक्ष्मी काढा. मी म्हटलं, लक्ष्मी नको. पाकीट रिकामं झालं की देवाचं चित्र उकिरड्यावर टाकताना बायकांचा हात अडतो, मग त्या पुढच्या वेळी दुसरं पाकीट घेतात. आपण बाई काढू. खरी बाई, हळदीत काम करणारी, जिच्या हातातून ही हळद जाते तिचाच चेहरा. म्हणजे गिऱ्हाईक म्हणेल, ती बाईची हळद द्या.

शेठना ते आवडलं. पुढं झालंही तसंच, शब्दाला शब्द. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत लोक ‘बाईची हळद’ असंच मागायला लागले. एखादा माणूस आयुष्यात एकदाच इतकं बरोबर बोलतो.

गिरणीत मी चार दिवस वही घेऊन बसले. बायका जमिनीवर बसून हळकुंडं निवडत, पलीकडं दळणाची यंत्रं, त्यापलीकडं पाकिटं भरणं. लुगड्यावर घरधन्याचे जुने शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोक्याला फडकं. काचेची बांगडी फुटून हळदीत जाऊ नये म्हणून आत बांगड्या चालत नसत. दाराशी खिळ्यांना पिशव्या अडकवलेल्या, बांगड्या त्यांत. आणि सगळ्यांची तोंडं पिवळी. पापण्या पिवळ्या, ओठांवरची लव पिवळी, कपाळ केसांपर्यंत पिवळं. थोरली कोण, धाकटी कोण, कुणाच्या कपाळाला काय, काहीही कळत नसे. मला ते फार सुंदर वाटलं होतं. वहीत मी तसं लिहूनही ठेवलंय. ती वही आता उघडवत नाही.

त्या रांगेत शालन होती. असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांची. गालाची हाडं जरा वर, हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका, आणि बघण्याची अशी रीत की समोरच्याला वाटावं, ही आपलं बोलणं पुरं व्हायची वाट बघतेय. चार दिवसांत वहीभर तिचेच चेहरे झाले. बायकांनी तिला चिडवलं, “शालन, तुजा फोटू निघनार गं आता पेपरात.” ती म्हणाली, “निगू दे की. पोरीला दाकवीन.”

तिची मुलगी फलटणजवळच्या गावात, सासऱ्यांकडं होती. सात वर्षांची. तिथं पहिलीत जायची. शालन इथं कुपवाडला भावाकडं राहायची. जूनमध्ये सासरे मुलीला सांगलीच्या शाळेत घालायला पाठवणार होते, तसा शब्द दिला होता. हे तिनं मला दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सांगितलं. शाळेचं नाव ठरलं होतं, भावाच्या खोलीत मुलीला झोपायला कोपरा ठरला होता, दप्तरसुद्धा घेऊन ठेवलं होतं. नवऱ्याचं विचारलं तर म्हणाली, “मिलिटरीत.” मी मान हलवली. त्या भागात घरटी एक माणूस मिलिटरीत असतो. ‘होता’ की ‘आहे’ हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तिचं नाक काढत होते.

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी मी तिला खोलीवर बोलावलं. चैत्र होता. शेठच्या घरी हळदीकुंकू झालेलं, तिथून त्यांच्या मंडळींनी चित्रात काढायला म्हणून हळदीकुंकवाची कोयरी पाठवली होती. शालन आली ती निम्मी पिवळीच. ती धूळ एका अंघोळीनं जात नाही. मी तिला नळावर साबणानं तोंड धुवायला लावलं. खिडकीशी स्टुलावर बसवलं, माझी हिरवी साडी तिच्या डोक्यावरून, गळ्याभोवती लपेटली. कपाळ स्वच्छ धुतलेलं होतं. कुंकू नव्हतं. आताच तर धुतलं होतं, कसं असेल? समोर कोयरी, समोर बाईचं कपाळ. माझं बोट कुंकवात गेलं आणि तिथून तिच्या कपाळावर गेलं. निघताना दारात आपण बायका एकमेकींना लावतो, तसं. त्यात विचार असा नव्हताच. मी स्वतः कामाच्या दिवशी टिकलीसुद्धा लावत नसे.

तिनं श्वास घेतला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मी म्हटलं, “हलू नको.”

ती हलली नाही. तासभर हलली नाही. तिचे डोळे त्या तासात असे झाले की मी त्यांच्यामागं वेडी झाले. ती माझ्याकडं बघत नव्हती, कुठंतरी लांब, घाबरून आणि तरी हरखून बघत होती. मला वाटलं, हिला चित्र काढून घ्यायला आवडतंय. काम संपल्यावर तिनं आरसा मागितला. मी भिंतीवरचा दाखवला. आरशासमोर ती बऱ्यापैकी वेळ उभी राहिली. मग नळावर जाऊन कपाळ खसाखसा धुतलं, दोनदा, आणि गेली. मी ब्रश धूत होते.

आज वाटतं, बघण्यासारखं सगळं समोर होतं. पण मी गाल बघत होते, हनुवटी बघत होते. माणूस बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण ते शिकवायला कॉलेज कशाला लागतं?

चित्र फार चांगलं झालं. हे खोट्या विनयानं नाकारणार नाही. पिवळ्या जमिनीवर हिरवा पदर, सावळा चेहरा, आणि बरोबर मधोमध ते तांबडं कुंकू. पाकीट कितीही लांबून बघा, नजर आधी त्या तांबड्यावर जायची आणि तिथून खाली त्या डोळ्यांत उतरायची. शेठनी चित्र टेबलावर उभं केलं, चार पावलं मागं गेले आणि म्हणाले, “झालं. आता ही बोलेल.”

छपाई मुंबईला झाली. छापील पाकिटांचे रोल आले, भरायच्या यंत्रावर चढले, आणि एका सकाळी शालन पाकिटं भरायच्या टेबलावर बसली असताना तिचाच चेहरा एकामागून एक, एकामागून एक तिच्यासमोरून जायला लागला. बायका हसल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं. कुणीतरी यंत्र थांबवायला सांगितलं म्हणे, पण ते कुणी थांबवलं नाही.

त्याच दुपारी ती माझ्या जिन्यात उभी होती. पिवळी, शर्टासकट. आत ये म्हटलं तर येईना.

“ताई, त्येवढं कुकू काडा.”

“का गं?”

“माजा नवरा जाऊन दोन वरसं झाली. तकडं, बॉर्डरवर.” मग म्हणाली, “मी सांगनार हुते त्या दिवशी. तुमी हलू नको म्हनला.”

मी जिन्यातच बसले. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं, पायऱ्या थरथरत होत्या. ती सांगत होती. सासरचं घर वाईट नाही, पण गाव वाईट आहे. हिनं सांगलीत दुसरा घरोबा केला असं कुणी उठवलं, तर सासरे मुलीला पाठवायचे नाहीत. जूनला दीड महिना राहिला होता.

मी लगेच शेठकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांना वाईटही वाटलं. पण म्हणाले, “बाई, हळदीच्या पाकिटावर बिनकुंकवाची बाई? कुणी हातात तरी घेईल का?” मग त्यांनी छपाईचं समजावलं, जे मला त्यांच्याहून जास्त कळत होतं. प्रत्येक रंगाचा वेगळा, चित्र कोरलेला सिलिंडर. तांबड्यातून तेवढा ठिपका उडवला तर कपाळाच्या सावळ्या रंगातला तांबडाही तिथून जाणार, मग तिथं भोक पडल्यासारखा फिका डाग दिसणार. सगळं नव्यानं करायचं तर हंगाम निघून जाणार. रोल भरून ठेवलेले, पहिल्या गाड्या साताऱ्याकडं निघालेल्या.

मी वाद घातला का? घातला, थोडा. पण आतून मला माहीत होतं की ते कुंकू काढलं तर चित्र मरतं. माझं पहिलं खरं चित्र. मी दहा वाक्यं बोलायला हवी होती, तिथं तीन बोलले आणि उठले. बाकीची सात मी गिळली, आणि ती शालनसाठी नव्हे, चित्रासाठी गिळली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शालनला म्हटलं, “अगं, चित्र आहे ते. फोटो थोडाच आहे? तुला कोण ओळखणार?”

ती म्हणाली, “तुमीच म्हनला हुता, हुबेहूब झालंय.”

मे महिन्यात ते झालं. ओळखलं तिच्या मुलीनंच. सोनी तिचं नाव. फलटणच्या बाजारात आजोबांचं बोट धरून ती किराण्याच्या दुकानात उभी होती. फळीवर ओळीनं पाकिटं मांडलेली. पोर आनंदानं ओरडली, “माजी आय! आजा, ती बग माजी आय!” दुकानात गावची चार माणसं होती. त्यांनी मान वर करून बघितलं, आणि नीट बघितलं. आठवड्यात शालनचा दीर मोटारसायकलवरून कुपवाडला आला, भावाच्या दारात पाकीट फेकलं आणि पाणीही न घेता परत गेला.

माझा धंदा असा आहे की त्यात चेहरा लोकांच्या मनात बसवायचा असतो. कुठंही दिसला तरी चटकन ओळखू यावा, विसरता येऊ नये, प्रत्येक दुकानात त्यानं आपल्याआधी जाऊन बसलेलं असावं. आता यालाच ‘ब्रँडची ओळख’ म्हणतात, त्यावर पोरं परीक्षा देतात. मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते.

जूनमध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यात मी आणि शालन एसटीनं निघालो. विटा, मायणी, दहिवडी करत. बाहेर माण खटावचं उघडंबोडकं रान, मग फलटणच्या बाजूला एकदम हिरवागार ऊस. माझ्या मांडीवर गिरणीतली वही होती. पिवळ्या, बिनकुंकवाच्या चेहऱ्यांची. मी पुरावा घेऊन निघाले होते. शालनच्या मांडीवर नवं दप्तर होतं.

सासऱ्यांचं घर उसाला लागून. ते स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले, ताठ बसणारे. त्यांनी सुनेला “बस” म्हटलं, मला चहा सांगितला. आवाज कुणी चढवला नाही. मी वही उघडून दाखवली आणि सरळ सांगितलं, “कुंकू मी लावलं. माझ्या हातानं. तिला विचारलंसुद्धा नाही. चूक माझी आहे, तिची काही नाही.”

त्यांनी वहीची पानं सावकाश उलटली. “खरं आसंल,” ते म्हणाले. “पलटनीत लय मान्सं बगितल्यात मी. खोटं बोलनारा कळतो.”

माझा जीव भांड्यात पडला. शालनकडं बघून मी हसलेसुद्धा.

तेवढ्यात सोनी शाळेतून आली. दारातच थबकली. आईकडं बघितलं, मग जवळ आली, आईच्या तोंडापाशी तोंड नेऊन कपाळ बघायला लागली. मग पुस्तकातून एक कातरलेला तुकडा काढला. पाकीट धुऊन, पुसून, चेहऱ्याभोवती कातरून ठेवलेला.

“आये,” ती म्हणाली, “हितं हाय की. तू का पुसलंस?”

 दाराआड उभ्या सासूबाई आत निघून गेल्या. सासऱ्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

“बाई,” ते मला म्हणाले, “तुमी हितं आला, मला सांगितलंत. आता फलटनात कोन सांगनार? कोरेगावात कोन सांगनार? ती हर एक दुकानात कुकू लावून बसलीया. आमच्या घरात हळद लागली तरी दुकानदार त्येच पाकीट म्होरं करतो, आन् माज्या तोंडाकडं बगतो. मी कुनाकुनाला वही दाकवू?”

“पण तुम्हाला तर पटलंय ना?”

“मला पटून काय हुतंय. माजा लेक गेला, त्येची बायकू आमी सांबाळली न्हाई, आन् आता त्येची पोरगी बी परक्याच्या घरात धाडली, आसं गाव म्हननार. तुमी येक करा. समद्या पाकिटांवरचं त्येवढं कुकू पुसून या. मग खुशाल पोरगीला न्या. मी आडवा येनार न्हाई.”

ते टोमणा मारत नव्हते. खरंच सांगत होते. एवढं झालं की शब्द पाळायला ते तयार होते.

सोनीनं दप्तर ठेवून घेतलं. आईला सोडायला ती उसाच्या कडेपर्यंत आली होती. परतीच्या एसटीत शालन खिडकीशी बसली. रडली नाही. मीच मूर्खासारखी रडत होते आणि ती मला पदर देत होती. दहिवडीच्या पुढं कधीतरी ती म्हणाली, “गिरनीत बरं वाटायचं, ताई. समद्या बायांची कपाळं सारकीच आसायची.”

पुढचा हंगाम तिनं केला. मुकादमाला सांगून पाकिटांच्या टेबलावरून दळणाकडं गेली. तिथं धूळ जास्त, बायका तिथं जायला नको म्हणतात, पण तिथून पाकिटं दिसत नाहीत. त्यानंतरच्या हंगामात ती नव्हती. भावानं खोली बदलली होती. कुणी इचलकरंजी म्हणालं, कुणी गोकाककडं. मी चौकशी केली. पण फार नाही केली. सापडली असती तर काय बोलणार होते?

मला मात्र त्या पाकिटानं नाव दिलं. चहावाले आले, मसालेवाले आले, सगळे म्हणत, त्या बाईसारखं काहीतरी करा. त्यातून घर झालं. सोनीचं दहावी व्हायच्या आत लग्न झाल्याचं त्या बाजूच्या एकानं सांगितलं. आईला बोलावलं होतं की नाही, ते त्याला ठाऊक नव्हतं. मला ऐकून भलतंच सुचलं. त्या घरात तिच्या हळदीला कुठल्या पाकिटातली हळद भिजवली असेल? दुकानदारानं पुढं केली असेल तीच.

आता शेठ नाहीत. त्यांचा नातू गिरणी बघतो, आणि गिरणीला गिरणी म्हणत नाही. दिवाळीनंतर त्यानं मला पुण्याला बोलावलं. त्याच्या एजन्सीतली एक मुलगी पडद्यासमोर बसली होती, हुशार, भराभर बोलणारी. म्हणाली, “मॅडम, तुमचं इलस्ट्रेशन हीच आपली सगळ्यात मोठी ताकद आहे. ते बदलायचं नाही. फक्त जरा ताजं करायचं.” पडद्यावर शालन होती, भिंतीएवढी. मुलीनं पदर थोडा सैल केला, सावल्या हलक्या केल्या. मग म्हणाली, “कुंकू काढून बघूया का? आता मुली लावत नाहीत. सगळ्यांना ती आपली वाटायला हवी ना.” आणि बोट हलवलं.

कपाळ कोरं झालं. भोक पडलं नाही, डाग राहिला नाही. चार दिवस गिरणीत मी जिला बघत होते, ती तिथं होती. आणि चित्र मेलं नाही, हो. उलट डोळे जास्त दिसायला लागले. ज्यासाठी मी सात वाक्यं गिळली होती, तेसुद्धा खरं नव्हतं.

“मॅडम? परत आणू का?”

“नको,” मी म्हटलं. “असंच राहू दे.”

घरी येताना मला थोडं हलकं वाटलं, हे कबूल करते. उशिरा का होईना, सगळ्या पाकिटांवरचं पुसलं, असं काहीतरी मनात येऊन गेलं. म्हाताऱ्या माणसाचं मन स्वस्तात खूश होतं.

या हंगामात नवी पाकिटं दुकानात आली. परवा कोपऱ्यावरच्या किराण्यात मी साखर घ्यायला गेले होते. साठीच्या पुढची एक बाई भाजीची पाटी पायाशी ठेवून उभी होती. “बाईची हळद द्या,” म्हणाली. दुकानदारानं दिली. तिनं पाकीट हात लांब करून धरलं, डोळे बारीक करून बघितलं.

“आगं बया. हिचा नवरा गेला व्हय?”

दुकानदार हसला. “मावशी, चित्र हाय ते.”

“चित्र आसलं म्हनून काय झालं? येवढी वरसं बगतीया की हिला मी.” मग माझ्याकडं वळून, घरातल्या माणसाबद्दल विचारावं तसं विचारलं, “कवा गेला म्हनायचा?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “लय वर्षं झाली.”

“लेकरं?”

“एक मुलगी.”

“मग लेक हाय की जवळ. तेवडाच आदार.”

हिचा नवरा गेलाय, लेक हाच हिचा आधार, हेच बोलणं, असंच चारचौघांत, त्या मे महिन्यात फलटणच्या त्या दुकानात एखाद्या बाईनं बोलायला हवं होतं. एका बाईनं. मी साखरेची पिशवी धरून उभी राहिले आणि मला ‘नाही, लेक जवळ नाही’ एवढंही म्हणता आलं नाही.

बाई चुकचुकली. पाकीट हळूच परत फळीवर ठेवलं, दुकानदाराला म्हणाली, “नगं रं ह्ये. घरात नातीचं लगीन हाय. दुसरं कुटलं तरी दे.”

त्यानं दुसरं दिलं. त्याच्यावर समई होती.